डोक्यावरचा पिट्ठू

माझे पाय बगळ्याचे आहेत हे मला पहिल्यांदा माझ्या चुलत्यानं सांगितलं, तेही खळ्यावर, चारचौघांत. वरचं धड गड्याचं आणि खाली दोन काड्या, असं त्याचं म्हणणं. सगळे हसले, मीही हसलो. न हसून करतो काय? आता या वयात त्याच काड्या जिना चढताना कुरकुरतात, पण मला त्यांची कीव येत नाही. निजामाच्या राज्यात मी पोलिसाची नोकरी मिळवली ती त्यांच्याच जिवावर. मिळवताना जो तमाशा झाला तो आठवला की अजून एकट्यानंच हसू येतं, आणि मग थोड्या वेळानं हसू थांबतं.

आमचं गाव शहागडजवळ, गोदावरीच्या काठावर. काठ म्हणजे बांधलेला घाट नव्हे, काळ्या मातीची उभी दरड. त्या दरडीतून बायकांच्या पायांनी पडलेली एक वाट वर यायची. पावसाळ्यात तिच्यावर पाय ठरत नसे, आणि उन्हाळ्यात नदी आटून लांब जायची म्हणून वाट दुप्पट व्हायची. वडील पटकीच्या साथीत गेले तेव्हापासून मी आणि माय चुलत्याच्या घरात होतो. घरात तोंडं पुष्कळ, आणि त्या सगळ्या तोंडांचं पाणी मायकडं. तिला ते काम कुणी नेमून दिलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला काही कामं आपोआप चालत येतात, त्यातलं ते एक.

चुलता वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला उपाशी ठेवलं नाही की हात उगारला नाही. पण रांजण रिकामा दिसला की तो काही न बोलता रांजणावर बोटानं टकटक करायचा. माय जिथं असेल तिथून उठायची. ती टकटक मला अजून ऐकू येते.

मायला मुलगी नव्हती, म्हणून मीच तिच्याबरोबर पाण्याला जायचो. गावात पुरुष पाणी आणत ते कावडीनं. घागर डोक्यावर घेणं हे बाईचं काम. घरात कावड एकच होती आणि ती गड्याच्या ताब्यात, तेव्हा मी डोक्यावर घागर घेऊ लागलो. पोरं मागून ‘वयनी, वयनी’ म्हणून ओरडायची. मला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माय म्हणायची, “वरडू दे. मागं पाह्यलं की घागर पडती.”

तिनं मला चालायला शिकवलं असं मी म्हणतो ते याच अर्थानं. जुनेराची चुंबळ कशी वळायची, ती टाळूवर नेमकी कुठं ठेवायची, हे तर झालंच. पण तिचा खरा धडा मानेचा होता. “मान खाली घालायची न्हाई. नजर दरडीच्या टोकाला ठिवायची. पायाला त्याचं त्याचं कळतं.” दरड चढताना मी हळूच खाली पाहिलं की पुढून जाणाऱ्या मायला ते कसं कोण जाणे समजायचं. “मान,” एवढंच ती म्हणायची. अशी काही वर्षं गेली आणि माझे बगळ्याचे पाय त्या दरडीवर असे तयार झाले की भरली घागर डोक्यावर, दोन्ही हात मोकळे, आणि मी कणीस खात वर यायचो.

एकदा पाणी भरून झाल्यावर माय उंबऱ्यात बसून केस विंचरत होती. तिच्या टाळूवर मधोमध रुपयाएवढी जागा उघडी पडलेली मला दिसली. चुंबळीनं तिथले केस कायमचे नेले होते. मी त्या जागेवर बोट ठेवलं. कातडी टाचेसारखी निबर झाली होती. मला एकदम भडभडून आलं. मी म्हणालो, “माय, तुझ्या डोक्यावरची घागर मी उतरवनार हाये बघ.”

“उतरव की,” माय म्हणाली. “पर आधी ती फनी दे हिकडं.”

तिनं हसण्यावारी नेलं, मी नेलं नाही. जालन्याला पोलिसात भरती आहे असं शहागडच्या बाजारात कळलं तेव्हा मी त्याच आठवड्यात निघालो. नोकरी लागली की जालन्याला खोली घ्यायची, दारात आड असलेली, आणि मायला तिथं आणून बसवायचं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. निघताना माय वेशीपर्यंत आली. चुलता मात्र ओट्यावरूनच म्हणाला, “जा बाबा. बगळा हाये, फिरून पान्याकडंच येनार.”

जालन्याला तेव्हा लोक ‘सोने का पालना’ म्हणत. मला पाळणा कुठं दिसला नाही, कापसाच्या आणि धान्याच्या गाड्याच गाड्या दिसल्या. भरतीच्या मैदानावर अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या अंमलदारानं, माझी पिंढरी छडीनं टोचून पाहिली आणि ते शेजारच्याला उर्दूत काहीतरी म्हणाले. उर्दू मला येत नव्हती, पण बगळा कोणत्याही भाषेत कळतो. मग समोर वाळूचं पोतं होतं ते उचलून मैदानाला फेरी मारायला सांगितलं. तालमीत घुमलेली पोरं पोतं पाठीवर घेऊन अर्ध्या फेरीत वाकडी होऊ लागली. मी मुंडाशाची चुंबळ केली, दोघांनी हात दिला, पोतं डोक्यावर आलं, आणि मी पाण्याहून आल्यासारखा फेरी मारून आलो. भरतीत कुणी रीत पाहत नव्हतं. मला घेतलं. मला वाटलं, झालं, गड जिंकला.

गड कुठला जिंकतोय. आमची तुकडी गावोगाव फिरून दरोडेखोरांचा माग काढणारी. तेव्हा रस्ते म्हणजे गाडीवाटा. रायफल, काडतुसं, घोंगडी, शिधा, भांडं, सगळं शिपायानं स्वतः वाहायचं. ते भरायची जी कॅनव्हासची पिशवी पाठीवर बांधत तिला सगळे पिट्ठू म्हणत. शिकाऊ रंगरूटांच्या पिट्ठूत शिध्याऐवजी ओली वाळू. आम्हाला शिकवायला एक जमादार होते, हैद्राबादकडचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, बोलणं दख्खनी. आवाज असा की गावातल्या कुंडलिका नदीच्या पलीकडची कुत्री उठून बसायची.

पहिल्याच दिवशी पिट्ठू पाठीवर चढवला आणि मी चार पावलं टाकून मागच्या मागं उताणा पडलो. लोक हसले. उठलो, पुन्हा चाललो, पुन्हा तेच. मला कळेना. याहून जड घागर घेऊन मी दरड चढलेला माणूस.

“पीछे कायकू गिरता रे?” जमादार म्हणाले. “झुक के चल बोला ना मैं. आगे झुक!”

झुकायचं कळत होतं, जमत नव्हतं. ओझं अंगावर आलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची आणि नजर लांब कुठंतरी दरडीचं टोक शोधायची. ताठ माणसाच्या पाठीवर वजन टांगलं की ते त्याला मागं ओढणारच. बाकीची पोरं वाकून, धापा टाकत का होईना, पुढं जायची. मी पट्टे धरून, पोट पुढं काढून, बाळंतपण जवळ आलेल्या बाईसारखा चालायचो. वाकायला लागलो की कानात मायचा आवाज यायचा, “मान.” पुढं अर्ध्या वाटेत मी कुंडलिकेच्या वाळूत बसकण मारायचो.

शिकवणीच्या शेवटी मोठी चाल होती. नदी ओलांडून, माळावरून एका वस्तीपर्यंत जायचं आणि परत पोलीस लाईनीत यायचं, पिट्ठूसकट, रायफलीसकट. ज्याला जमणार नाही त्यानं वर्दी जमा करून घरचा रस्ता धरायचा. चैत्राचं ऊन होतं. वस्तीपर्यंत मी कसाबसा गेलो. परतताना एकेक जण माझ्यापुढं निघून गेला, आणि माळावर मी एकटा राहिलो. पट्ट्यांनी खांदे सोलले होते. एका बाभळीखाली टेकलो आणि मला चुलत्याचा ओटा दिसू लागला. रांजणावरची टकटक ऐकू आली. माय उठून घागर घेताना दिसली. मी रडकुंडीला आलो होतो, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मग मी जे केलं ते आमच्या दरडीवर वाढलेल्या माणसालाच सुचावं. पोटरीला गुंडाळायची खाकी पट्टी असते, ती मी एका पायाची सोडली. तिची घट्ट चुंबळ वळली. पिट्ठू पाठीवरून काढला, बाभळीच्या बेचक्यात टेकवला, खाली डोकं घातलं आणि उचलला. काय सांगू, अंगातून थकवा उतरून गेला. मान सरळ, नजर लांब, हातात रायफल, एक पोटरी उघडी, आणि मी सुटलो.

वाटेत पुढं गेलेले भिडू एकेक करून मागं पडू लागले. कुणी शिट्टी मारली, कुणी ‘भाभीजान’ म्हणालं. नदीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांतली एक म्हातारी घागर तशीच धरून माझ्याकडं पाहत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, “अगं, ह्यो शिपाई नांदायला चालून राह्यला का काय?” दुसरी म्हणाली, “काही म्हन, चाल मातर बराबर हाये.” मला ती शाबासकी अमीनसाहेबांच्या शाबासकीपेक्षा मोठी वाटली. मी रायफल सावरली आणि त्या बायकांच्या रांगेतून, त्यांच्यातलाच एक होऊन, पलीकडं निघालो.

लाईनीच्या फाटकात जमादार उभे होते. मी सगळ्यांत आधी पोचलो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उघडी पोटरी पाहिली, चुंबळ पाहिली.

“ये क्या है? पिट्ठू है के घागर?”

मी रायफल छातीशी धरली. मान तशीच ताठ, कारण हलवली असती तर पिट्ठू पडला असता. ते माझ्याभोवती एक फेरी फिरले. मला वाटलं, खूश झाले. आणि एकदम ते ओरडले, “लेट!”

हा हुकूम झाला की जिथं असेल तिथं पालथं पडायचं आणि रायफल रोखायची. शिकवलेलं अंगात भिनलं होतं. मी पडलो. पिट्ठू डोक्यावरून उडाला, फाटकाच्या खांबावर आपटला, त्याचं तोंड सुटलं आणि सगळी ओली वाळू माझ्या डोक्यात, कानात, तोंडात. मागून येणारे पोटं धरून हसत होते. जमादार हसले नाहीत. ते उकिडवे बसले, माझ्या कानातली वाळू त्यांनी बोटानं झटकली आणि हळू आवाजात म्हणाले, “गोली आएगी तो बोलेगी क्या, रुको मियाँ, पहले घागर उतारो?”

बरोबर होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. मी पडल्या पडल्या विचारलं, “मंग आता घरी जाऊ का साहेब?”

ते उठून उभे राहिले. “जुम्मे को फिर चल. अकेला. पीठ पे. सर पे रखा तो उधरीच से घर को जाना, इधर मुँह नै दिखाना.”

शुक्रवार जवळ होता. रोज कवायत संपली की मी वाळूचा पिट्ठू घेऊन जालन्यातल्याच मस्तगड वस्तीच्या चढावर जायचो आणि रोज ताठच चालायचो. मान जणू माझी नव्हतीच. एका संध्याकाळी जमादार नमाजाहून परतताना तिथं थांबले. चढावरून सरकीनं भरलेली एक बैलगाडी वर येत होती. गाडीवान उतरून चाकाला खांदा देत होता.

“किसान का है ना तू?” जमादार म्हणाले. “बैल को देख.”

मी पाहिलं. सगळा जन्म बैलांत गेलेला, पण असं मुद्दाम कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बैलांच्या माना खाली, पार गुडघ्याच्या रेषेत, आणि मागचे पाय मातीत रुतवून ते गाडी रेटत होते. मान वर करून चढ चढणारा बैल मी तरी पाहिलेला नाही. गाडी आमच्यासमोरून गेली. जमादार निघून गेले. मी पिट्ठू घेतला, कानातल्या मायला मनातल्या मनात म्हणालो की माय, रागावू नको, आणि मान खाली घातली. वजन पाठीवरून सरकून कमरेवर आलं, कमरेवरून मांड्यांत, आणि दरडीनं घडवलेल्या त्या काड्यांनी ते मुकाट उचललं. चढ कधी संपला ते कळलं नाही.

शुक्रवारी मी स्वतःच्या बुटांशिवाय काही पाहिलं नाही. माळ पाहिला नाही, नदी पाहिली नाही. बायका होत्या की नव्हत्या ते माहीत नाही. फाटकात पोचलो तेव्हा जमादार म्हणाले, “लेट,” आणि मी पिट्ठूसकट पालथा पडलो. या वेळी वाळू पिट्ठूतच राहिली. “हौ,” ते म्हणाले. “अब शिपाई दिखता.” मी तिथंच तोंड मातीत खुपसून पडून राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

पहिल्या रजेत मायला आणायला गेलो. वर्दीत, मुद्दाम. चुलता ओट्यावरून उठून उभा राहिला. एवढं मला पुरलं. माय मात्र निघायच्या आधी घरातले सगळे रांजण काठोकाठ भरायला निघाली. मी घागर घ्यायला हात पुढं केला तर तिनं हात झटकला. “वर्दीत घागर घेतो का? येडा का काय?” शेवटची खेप घेऊन ती दरड चढली तेव्हा मी वर टोकाला उभा होतो, आणि ती नेहमीसारखी टोकाकडं, म्हणजे माझ्याकडं पाहत वर आली.

मस्तगडला मी खोली घेतली होती. अंगणात आड, आडावर रहाट. आडापासून चुलीपर्यंत म्हणाल तर चार पावलं. मला वाटलं होतं, माय आता सुखानं बसेल. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिनं आडातून घागर भरली, चुंबळ ठेवली, घागर डोक्यावर घेतली आणि तेवढं अंगण ओलांडलं. मी चिडलो. “अगं, हितल्या हितं डोक्यावर कशाला? मी कशापायी आनलं तुला?”

“रागावू नको लेकरा,” ती म्हणाली. “डोक्यावर काही नसलं की माझं पाय उगं हिकडं तिकडं जात्यात.”

मी पुन्हा कधी बोललो नाही. शेजारच्या बायकांची पाणी भरायची घाई असली की ती त्यांच्याही घागरी नेऊन द्यायची. त्या तिला मावशी म्हणत. चांगले दिवस होते ते. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती माझे खांदे तेलानं चोळायची आणि पिट्ठूला शिव्या द्यायची. रझाकारांचा काळ अजून यायचा होता. गल्लीत ईदचा शिरखुर्मा आणि आमच्या पुरणपोळ्या एकाच भिंतीवरून इकडून तिकडं जात.

मग एका श्रावणात मायला ताप भरला आणि उतरेना. अंगारा झाला, काढा झाला. पोळ्याच्या दिवशी सकाळी ती मला ओळखेनाशी झाली. सरकारी दवाखाना नदीपलीकडं. चिखलानं भरलेल्या आमच्या गल्लीत टांगा शिरत नव्हता. शेजारी गाडी होती, पण पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आणि तसं करा म्हणायची माझी छाती झाली नाही. शेजाऱ्यानं शिंगं रंगवत माझ्याकडं अपराध्यासारखं पाहिलं. मी मायला पाठीवर घेतलं, तिचे हात गळ्यात घेतले, घोंगडीनं कमरेशी बांधलं आणि मान खाली घालून निघालो. गावातल्या सगळ्या बैलांना त्या दिवशी सुट्टी होती. जुंपलेला मी एकटा.

उठताना मी सवयीनं पाय रोवले होते, जोर लावला होता. तो जोर वायाच गेला. पाठीवर माय होती आणि वजन नव्हतं. वर्षानुवर्षं सगळ्या घराचं पाणी वाहिलेली माझी माय सरकारी पिट्ठूपेक्षा हलकी भरली. ते कळलं आणि माझे डोळे वाहू लागले. हात गुंतलेले, पुसायची सोय नाही.

पुलावर गर्दी होती. झुली घातलेले बैल, ढोल, पोरं. वाऱ्यानं असेल नाहीतर ढोलानं, मायला शुद्ध आली. कानाशी तिचा श्वास लागला, आणि मग तो जुना आवाज, अगदी बारीक झालेला.

“मान.”

“आं?”

“मान वर कर रे. लोकं म्हनतील, मायचं वझं झालं.”

मी मान वर केली. पाठ सरळ केली. नजर पलीकडं दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठेवली आणि चालू लागलो. मागं पडलो नाही, कारण मागं ओढण्याइतकी माय उरलीच नव्हती. ढोलवाल्यांनी वाट दिली. पायऱ्या चढताना मी एकदाही खाली पाहिलं नाही. आमच्या जमादारांनी पाहिलं असतं, तर मला पुन्हा पुढच्या जुम्म्याला बोलावलं असतं.